कोरे पान आणि हरवलेले पान : घरगुती प्रोग्रामरच्या बिघाडांचा इतिहास

'प्रोग्रामर' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे संगणकासमोर बसलेला माणूस येतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या व्यवहारात या शब्दाला आणखी एक अर्थ आहे आणि तो वस्तूचा आहे. मायक्रोकंट्रोलर म्हणजे प्रोसेसर, स्मृती आणि बाहेरच्या उपकरणांशी जोडणाऱ्या पिना हे सारे एकाच चिपवर सामावलेला छोटा संगणक. धुलाईयंत्रापासून रिमोटपर्यंत तो सर्वत्र असतो. छंद म्हणून कोणी दुकानातून सुटी चिप आणतो तेव्हा ती बहुधा कोरी असते. तिच्या स्मृतीत आज्ञावली उतरवून देणारे जे उपकरण, त्यालाही प्रोग्रामरच म्हणतात. आपल्या परिभाषेत सांगायचे तर हा लेखनिक. एका ठिकाणचा पाठ तो दुसऱ्या ठिकाणी जसाच्या तसा उतरवतो, आणि उतरवून झाल्यावर पुन्हा वाचून ताडून पाहतो.

हा लेखनिक घरी बनवण्याची एक समृद्ध परंपरा १९९० च्या दशकापासून युरोप-अमेरिकेत आणि तिथून इतरत्र वाढली. तिचा इतिहास सहसा यशाच्या अंगाने सांगितला जातो : आधी महागडी यंत्रे होती, मग स्वस्त चिपा आल्या, मग सर्वांना सर्व काही साधले. आम्हाला तो बिघाडाच्या अंगाने वाचावासा वाटतो. घरगुती प्रोग्रामर चालत नाही तेव्हा तो चालत नाही एवढेच कळते. का चालत नाही हे तो सांगू शकत नाही. लिहिणारा आणि वाचणारा एकच. त्याने वाचून 'पान कोरे आहे' असे सांगितले, तर पान खरोखर कोरे आहे, की पानच तिथे नाही, की वाचणाराच आंधळा आहे? हस्तलिखिते हाताळणाऱ्यांना हा पेच नवा नाही. पोथीत चार ओव्या दिसत नाहीत तेव्हा त्या मुळात नव्हत्या की पान गळाले, हे एकाच पोथीवरून ठरत नाही. फरक इतकाच, की आपल्याला दुसरी पोथी शोधता येते. स्वयंपाकघराच्या टेबलावर बसलेल्या छांदिष्टाजवळ बहुधा एकच चिप असे.

कोरेपणाचे हे कोडे तंत्रातच रुजलेले आहे. इंटेलमध्ये डोव्ह फ्रोहमन यांनी १९७१ मध्ये ईप्रॉम ही पुसून पुन्हा लिहिता येणारी स्मृती साकारली. चिपच्या पाठीवर क्वार्ट्‌झची खिडकी असे आणि तिच्यातून अतिनील किरण पंधरा-वीस मिनिटे पाडले की मजकूर पुसला जाई. सुरुवातीच्या काही चिपांचा अपवाद सोडला तर पुढे रूढी अशी पडली, की पुसलेली स्मृती म्हणजे सर्व १. लिहिणे म्हणजे हवे तिथले १ काढून ० करणे. कागदावर शाई चढते तसे हे लेखन नाही; शिळेवर छिन्नी चालते तसे आहे. आता तारेचा स्वभाव पाहा. जिला कोणी खाली खेचत नाही अशी तार पुष्कळदा वरच राहते, म्हणजे तिच्यावर १ वाचला जातो. म्हणून कोरी चिप आणि तुटलेली तार दोन्ही एकच उत्तर देतात : सर्व १. या एका योगायोगाने किती रात्री खाल्ल्या असतील याची मोजदाद नाही.

इंटेलची ८७४८ ही चिप १९७६ ची. प्रोसेसर आणि पुसता येणारी स्मृती तिच्यात एकत्र आली होती. पण तिच्यावर लिहायला २५ व्होल्ट लागत, पुसायला अतिनील दिवा लागे, आणि खिडकीवाली वेष्टने महाग असत. कारखान्यांना हे परवडे, विद्यार्थ्याला नाही. खरा बदल १९९३ साली मायक्रोचिप कंपनीच्या पिक १६सी८४ या अठरा पिनांच्या चिपेने केला. तिची आज्ञावलीची स्मृती विजेनेच पुसता येई. दिवा नको, खिडकी नको, वीस मिनिटांची वाट नको. शिवाय लिहायला दोनच तारा पुरत : एक ठेका देणारी, म्हणजे क्लॉक, आणि दुसरी अक्षरे नेणारी. या दोन्ही तारा खाली धरून तिसऱ्या पिनेवर १२ ते १४ व्होल्ट चढवले की चिप 'लिहून घ्यायला' बसे. आज्ञा सहा बिटांची, मजकूर चौदा बिटांचा. एवढा साधा संकेत घरच्या संगणकाच्या प्रिंटरच्या पोर्टमधूनही देता येत होता, आणि तो तसा देणारी मंडळी लगोलग पुढे आली.

इंग्लंडमधील डेव्हिड टेट यांचे मंडल या पिढीचे आद्यपीठ म्हणावे लागेल. प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टला एक साधी बफर चिप, काही ट्रान्झिस्टर, थोडे रेझिस्टर आणि वेगळा वीजपुरवठा जोडला की झाले. सोबतची आज्ञावली मोफत. जगभर त्याच्या नकला निघाल्या, आणि नकला निघाल्या म्हणजे पाठभेद आले. बफर म्हणून ७४०६ किंवा ७४०७ यांपैकी कोणतीही चिप वापरता येई. दोघींच्या पिनांची रचना सारखी, पण ७४०६ प्रत्येक संकेत उलटा करते, ७४०७ तसाच पुढे पाठवते. दुकानदाराने जी दिली ती बसवली आणि सॉफ्टवेअरला ते सांगायचे राहिले, तर सगळे मंडल निर्दोष असूनही प्रत्येक 'हो'चे 'नाही' होई. त्यात प्रिंटर पोर्टची स्वतःची खोड निराळी : त्याच्या परतीच्या तारांपैकी अकराव्या पिनेवरची तार पोर्टमध्येच उलटी होते. दोन उलट्या मिळून सुलट होते हे खरे, पण आपल्याकडे नेमक्या किती उलट्या आहेत हे आधी मोजावे लागे.

ही मोजणी कशी करायची, याचे उत्तर त्या काळातल्या सॉफ्टवेअरमध्येच हळूहळू तयार झाले. नेदरलँड्समधील बॉनी गाइझेन यांच्या 'आयसी-प्रॉग' या आज्ञावलीत हार्डवेअर तपासणीची एक छोटी चौकट होती. तिच्यात चिप काढून ठेवायची आणि एकेका तारेपुढच्या चौकोनात खूण करायची. खूण केली की ती तार वर जाते, काढली की खाली येते. आपण मल्टिमीटरची टोके लावून पाहायचे. अक्षरे नेणारी आणि अक्षरे परत आणणारी तार चिपपाशी एकच असल्यामुळे, 'पाठवण्या'ची खूण करताच 'येण्या'ची खूण आपोआप उमटली पाहिजे. म्हणजे दुसऱ्याचे ऐकू येत नाही अशी तक्रार करण्यापूर्वी स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येतो का, हे पाहायचे. आमच्या मते या साऱ्या परंपरेतला सर्वांत मोलाचा शोध हाच आहे. त्याने प्रोग्रामर जास्त चांगले लिहू लागला नाही. पण 'चालत नाही' या एका गठ्ठा वाक्याचे पाच-सहा तपासता येण्याजोग्या वाक्यांत रूपांतर झाले. तेरा व्होल्ट चढतात का. क्लॉकची तार हलते का. अक्षरांची तार दोन्हीकडे हलते का. आणि मुख्य म्हणजे, तेरा व्होल्ट नको तेव्हा उतरतात का, कारण कित्येकांचा ट्रान्झिस्टर उलटा बसलेला असे आणि चिप अखंड लेखनावस्थेत अडकून पडे.

या तपासणीतून सुटणारे बिघाडही होतेच. हाताने तार वर-खाली करताना सेकंद जातात. खरे लेखन होताना मायक्रोसेकंद. प्रिंटरची सहा फुटी केबल मल्टिमीटरला ठणठणीत दिसे आणि वेगात मात्र क्लॉकच्या एका ठोक्याचे दोन ठोके करी. अशा वेळी एक अक्षर दोनदा मोजले जाऊन पुढचा सारा मजकूर सरके. लेखनिकांच्या चुकांत एकच अक्षर नजरचुकीने दोनदा उतरण्याचा प्रकार असतो, तो इथे तांब्याच्या तारेत घडे. उपाय म्हणजे आखूड केबल आणि तारेत एखादा लहान रेझिस्टर. ड्राय सोल्डर, म्हणजे वरून चकाकणारा आणि आतून न चिकटलेला डाग, हा तर सदाचाच सोबती.

टेट यांच्या मंडलाला बाहेरचा वीजपुरवठा लागे. डेन्मार्कच्या येन्स मॅडसेन यांनी तोही वगळला. त्यांच्या आद्याक्षरांवरून 'जेडीएम' म्हणून ओळखला जाणारा हा प्रोग्रामर संगणकाच्या सिरियल पोर्टमधूनच वीज उचलतो. त्या पोर्टवर धन आणि ऋण असे दोन्ही बाजूंचे व्होल्ट येतात, त्यांची बेरीज करून तेरा गाठायचे. युक्ती अशी, की संगणकाची 'जमीन' म्हणजे ग्राउंड ही इथे चिपच्या धन बाजूला जोडलेली असते आणि चिपची स्वतःची जमीन त्याहून पाच व्होल्ट खाली तरंगते. ज्या विद्यार्थ्याने सर्व ग्राउंड एकत्र जोडावेत हा पहिला धडा इमानाने गिरवला, त्याच्याच हातून इथे शॉर्ट होई. पाठ्यपुस्तकातला नियम पाळल्याने झालेला हा बिघाड आम्हाला फार बोलका वाटतो. पुढे लॅपटॉप आले. त्यांतल्या पुष्कळांच्या सिरियल पोर्टवर व्होल्ट इतके कमी, की तेराचा आकडा गाठताच येईना. काल मित्राच्या टेबलावर चाललेला प्रोग्रामर आज आपल्या टेबलावर मुका. दोष प्रोग्रामरमध्ये नव्हताच, पण संशय प्रथम त्याच्यावर जाई, कारण तो घरी केलेला होता आणि लॅपटॉप कारखान्यातून आलेला.

तशात जमीन खालून सरकली ती ऑपरेटिंग सिस्टीमची. डॉसमध्ये आणि विंडोज ९८ मध्ये कोणतीही आज्ञावली पोर्टला थेट हात लावू शकत होती. विंडोज एनटीच्या कुळात ती मुभा नव्हती, आणि २००१ मध्ये विंडोज एक्सपीमार्फत ते कूळ घरोघर आले. एका रात्रीत जुने प्रोग्रामर बंद पडले. आयसी-प्रॉग उघडले की 'प्रिव्हिलेज्ड इन्स्ट्रक्शन' अशी तक्रार येई : ही आज्ञा विशेषाधिकाऱ्यांची आहे, तुझी नव्हे. वाट निघाली ती छोट्या ड्रायव्हरच्या रूपाने. डेल रॉबर्ट्‌स यांनी १९९६ मध्येच 'डॉक्टर डॉब्ज जर्नल'मध्ये 'गिव्हआयओ' ही युक्ती लेखासह प्रसिद्ध केली होती, आणि ती पुढे अनेक घरगुती प्रोग्रामरांची किल्ली ठरली. इतिहासकाराने इथे थांबावे. मंडल तेच, तारा त्याच, चिप तीच. बिघाड मात्र राज्यव्यवस्था बदलल्याचा.

चिपाही बदलत होत्या, पण नावे जवळजवळ तीच ठेवून. १९९८ मध्ये १६सी८४ च्या जागी १६एफ८४ आली. एका अक्षराचा फरक. पण चालू होताना क्षणभर थांबण्याच्या सोयीचा जो बिट होता, त्याचा अर्थ दोन चिपांत उलट होता : जुन्या चिपेत १ म्हणजे सोय चालू, नव्या चिपेत ० म्हणजे चालू. पुढच्या काही पिक चिपांत कमी व्होल्टवर लिहिण्याची सोय कारखान्यातूनच चालू करून येऊ लागली आणि तिच्यासाठी एक पिन राखीव झाली. ती पिन मोकळी सोडली तर हवेतल्या विजेनेच चिप लेखनावस्थेत जाई. नुकतीच लिहिलेली, नीट ताडून पाहिलेली आज्ञावली चालता चालता थबके, हात जवळ नेला की पुन्हा थबके. भूतबाधेची लक्षणे याहून वेगळी काय असतात? आणि दोष पुन्हा प्रोग्रामरलाच, ज्याने आपले काम चोख केले होते.

आता मूळ कोड्याकडे येऊ. १६सी८४ ला स्वतःची ओळख नव्हती. वाचले आणि सर्व १ आले, तर चिप कोरी, चिप नाही, किंवा तार तुटली, तिन्ही शक्य. उलट १६एफ८४ ला कुलूप लावलेले असले तर सर्व ० वाचले जात, आणि अडकलेली तारही ० च देई. नॉर्वेतील ट्रॉन्हाइमच्या अल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलन या दोन विद्यार्थ्यांच्या रचनेतून अ‍ॅटमेल कंपनीचे एव्हीआर घराणे १९९७ पासून बाजारात आले. त्यांतल्या बहुतेक चिपांनी या कोड्याला दोन उत्तरे आणली. पहिले असे, की लेखन सुरू करण्याची आज्ञा पाठवताना तिचा दुसरा बाइट चिप लगेच प्रतिध्वनीसारखा परत करते. ध्वनी आला तर समोर कोणी आहे आणि ठेका जुळला आहे. दुसरे म्हणजे सही. प्रत्येक चिपेत तीन बाइट कारखान्यातच कायमचे कोरलेले असतात. एटीमेगा८ ची सही १ई ९३ ०७ : १ई म्हणजे अ‍ॅटमेल, ९३ म्हणजे आठ किलोबाइट, ०७ म्हणजे हीच चिप. पोथीच्या शेवटी पुष्पिका असते तशी ही, फरक इतकाच की ही पहिल्यांदा वाचायची. सही सर्व १ किंवा सर्व ० आली, की समजावे तार किंवा वीज; चिपेच्या कोरेपणाचा इथे संबंधच नाही. हरवलेले पान आणि कोरे पान अखेर वेगळे झाले.

ब्रायन डीन यांनी सुरू केलेल्या 'एव्हीआरड्यूड' या आज्ञावलीत सही जुळली नाही की पडद्यावर 'याइक्स!' असे उमटते. आपल्याकडचे 'अगं बाई' किंवा 'बाप रे' जे करते ते. यंत्राच्या तोंडी घातलेला हा उद्गार आम्हाला आवडतो, पण त्याखालची सूचना अधिक महत्त्वाची असे : जोडण्या पुन्हा तपासा. तीच बहुतेक वेळा खरी असे. तिच्याच शेजारी तपासणी डावलून पुढे जाण्याचा पर्यायही सुचवलेला असे, आणि घायकुतीला आलेला माणूस तो आधी वापरी. सही न जुळता लिहिणे म्हणजे पत्ता न पाहता पत्र टाकणे.

सहीदेखील सदैव खरे बोलते असे नाही. जुन्या एटी९०एस चिपांना पूर्ण कुलूप घातले, की त्या सहीऐवजी ०, १, २ असे उत्तर देत. न कळणाऱ्याला वाटे, ही कोणती अज्ञात चिप? एटीमेगा१२८ मध्ये लिहिण्याच्या तारा, इतर चिपांत ज्या नावाच्या पिनांवर असतात, त्या नावाच्या पिनांवर नाहीतच. त्या दुसरीकडे आहेत. सर्व काही नावाबरहुकूम जोडणारा इथे फसे. आणि सर्वांत जीवघेणा घोळ शब्दाचा होता. फ्यूज म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मांडणीच्या बिटांत 'प्रोग्रॅम्ड' म्हणजे ०, 'अनप्रोग्रॅम्ड' म्हणजे १. हा ईप्रॉमच्या काळचा, छिन्नीचा अर्थ; कोरले म्हणजे शून्य. पडद्यावरच्या चौकोनात बरोबरची खूण केली, तर तिचा अर्थ एका आज्ञावलीत ०, दुसऱ्या ठिकाणच्या कोष्टकात १. इटलीच्या क्लाउडिओ लँकोनेल्ली यांच्या 'पोनीप्रॉग'मध्ये खूण म्हणजे शून्य होते, आणि तसे पडद्यावर लिहिलेलेही होते, वाचतो कोण. चुकीचा फ्यूज पडला की चिप बाहेरच्या क्रिस्टलची वाट पाहत बसे, क्रिस्टल नसे, ठेका नसे, म्हणून प्रतिध्वनी नसे. माणूस म्हणे, चिप मेली. ती मेलेली नसे. दुसऱ्या चिपेकडून किंवा साध्या ऑसिलेटरकडून तिच्या क्लॉकच्या पिनेवर ठोके दिले, की ती पुन्हा सही सांगे. अशा 'मेलेल्या' किती चिपा कचऱ्यात गेल्या असतील!

२००० च्या दशकात प्रिंटर पोर्ट संगणकांवरून नाहीसा होऊ लागला आणि घरगुती प्रोग्रामरला यूएसबी गाठणे भाग पडले. जर्मनीचे थॉमस फिशल यांचा २००५ चा 'यूएसबी-एएसपी' यातला सर्वांत प्रसिद्ध. एक एटीमेगा८ चिप, एक क्रिस्टल, मूठभर सुटे भाग. पण त्यातली एटीमेगा८ आधी लिहिलेली हवी, आणि ती लिहायला प्रोग्रामर हवा. बीज आधी की वृक्ष आधी, हा प्रश्न दर्शनांच्या वर्गातून थेट सोल्डरिंगच्या टेबलावर आला. ज्याच्याजवळ जुना, प्रिंटर पोर्ट असलेला संगणक उरला होता तो मित्रमंडळीत अचानक महत्त्वाचा माणूस झाला. त्याने एक चिप लिहून द्यायची, मग पुढची पिढी स्वतंत्र.

याच उपकरणाने बिघाडाचा आणखी एक धडा दिला. ते ३७५ किलोहर्ट्‌झच्या ठेक्याने बोलते. दुकानातून नुकतीच आणलेली एटीमेगा८ मात्र १ मेगाहर्ट्‌झवर चालते आणि त्याच्या चौथ्या हिश्श्याहून, म्हणजे २५० किलोहर्ट्‌झहून, जलद बोलणे तिला समजत नाही. म्हणून सारे बरोबर असूनही प्रतिध्वनी नाही. मंडलावर त्यासाठी एक जम्पर ठेवलेला आहे. तो लावला की ठेका सुमारे ८ किलोहर्ट्‌झवर येतो आणि चिप बोलू लागते. जम्परचे हे काम आराखड्यासोबतच्या टिपणात लिहिलेले होते. पुढे स्वस्त नकला विकल्या जाऊ लागल्या तेव्हा जम्परची जागा राहिली, टिपण राहिले नाही. परंपरेत कृती टिकते आणि तिचे कारण गळून पडते, याचे असे रोकडे उदाहरण वर्गात दाखवायला मिळत नाही.

इटलीतील इव्‍रिया या गावी, जिथे १९०८ मध्ये ओलिवेत्ती ही टंकयंत्रांची कंपनी स्थापन झाली, तिथल्या संवादरचनेच्या संस्थेत एर्नान्दो बाराहान या कोलंबियन विद्यार्थ्याने २००३ मध्ये 'वायरिंग' सुरू केले आणि त्याच वातावरणातून २००५ मध्ये मास्सिमो बान्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आर्दुइनो निघाला. त्यात लेखनिकच चिपेच्या पोटात बसवला. बूटलोडर नावाची छोटी आज्ञावली आधीपासून चिपेत असते आणि ती बाकीचा मजकूर स्वतः उतरवून घेते. वेगळा प्रोग्रामर नको. कलावंत आणि विद्यार्थी यांच्यासाठी हे फार मोठे काम झाले, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पण बूटलोडर मुळात कोणीतरी बाहेरून उतरवावा लागतोच, आणि तो पुसला गेला की सगळी जुनी कहाणी पुन्हा सुरू होते. मग एक आर्दुइनो दुसऱ्याचा प्रोग्रामर बनवायचा. त्यातही गंमत अशी, की संगणकाने बोलायला सुरुवात करताच उनो हे मंडल स्वतःच रीसेट होते आणि प्रोग्रामर म्हणून उत्तर देण्याऐवजी आपल्याच बूटलोडरमध्ये शिरते. दहा मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर रीसेट आणि ग्राउंड यांच्यामध्ये लावला की ते शांत बसते. कारण न कळताही हा कपॅसिटर लावणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे चालते. चालेनासे झाले की मात्र कुठून सुरुवात करावी हे त्यांना सुचत नाही, कारण साखळीतल्या कड्या त्यांनी कधी सुट्या पाहिलेल्याच नसतात.

२०१६ मध्ये मायक्रोचिपने अ‍ॅटमेल विकत घेतली. पिक आणि एव्हीआर ही दोन वैरी घराणी एका छपराखाली आली. नव्या एव्हीआर चिपांना लिहायला आता एकच तार पुरते. पेटीतला एखादा यूएसबी-सिरियल अडॅप्टर काढायचा, त्याच्या दोन तारा एका रेझिस्टरने सांधायच्या, झाला घरगुती प्रोग्रामर. टेट यांच्या मंडलाहूनही साधा. तोही पहिल्या वेळी बहुधा चालत नाही. तेव्हा तारा उपटू नयेत, फ्यूजला हात लावू नये. आधी वीज मोजावी, मग अडॅप्टरला स्वतःचा आवाज ऐकू येतो का ते पाहावे, मग सही मागावी. अ‍ॅटमेल ही कंपनी उरलेली नाही, पण या चिपांची सही अजूनही १ई नेच सुरू होते.